संत्र्याच्या बागेंतील शत्रु आणि मित्र

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत इंझोरी नांवाचें गांव आहे. कपाशी, तूर आणि सोयाबीन हीं या मुलुखाचीं नेहमींचीं पिकें; परंतु मानोरा आणि कारंजा या तालुक्यांत जेथें विहिरीला पाणी टिकतें, तेथें संत्र्याच्या बागाही उभ्या राहिल्या आहेत. कपाशीचा संसार एका वर्षाचा. तो बिघडला तर पुढल्या मृगाला दुसरें बीं टाकतां येतें. संत्र्याचें तसें नाहीं. कलम लावल्यावर पदरांत फळ पडावयास पांच-सहा वर्षें वाट पाहावी लागते, आणि एवढी मेहनत एका मोसमांत काळवंडून जाऊं शकते. अशा वेळीं बागाइतदार घाबरून दुकान गांठतो. “झाड काळें पडलें, औषध द्या,” असें तो म्हणतो. दुकानदार औषध देतो. परंतु झाड कशानें काळें पडलें, हा प्रश्न दोघांपैकीं कोणीच विचारलेला नसतो.

वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. झाडाची नाडी म्हणजे त्याचें पान. आणि त्यांतही पानाची खालची बाजू. ती पाहावयास फारसें साहित्य लागत नाहीं. दसपट मोठें दाखविणारें एक भिंग, एक पांढरा कागद आणि सकाळचा थोडा निवांत वेळ, एवढें पुरे होतें.

प्रथम त्या काळेपणाचीच गोष्ट घेऊं. विदर्भांत त्याला कोळशी म्हणतात. पानांवर, डहाळ्यांवर आणि फळांवर काजळी धरल्यासारखा थर बसतो. बोटानें घांसला तर तो निघतो, आणि खालीं पान हिरवेंच असतें! म्हणजे काळी बुरशी हा खरा शत्रु नव्हे. ती नुसती उष्ट्यावर जगणारी आहे. खरा शत्रु पान उलटल्यावर दिसतो. तेथें मोहरीहूनही लहान, काळे, चकचकीत, कांठाला पांढरी किनार असलेले ठिपके चिकटून बसलेले असतात. हीं काळ्या माशीचीं पिलें. तीं जागचीं न हलतां पानाचा रस शोषतात आणि नको असलेली साखर चिकट थेंबांच्या रूपानें बाहेर टाकतात. ती खालच्या पानांवर पडते, आणि तिच्यावर काजळी वाढते. काळी माशी स्वतः जेमतेम दीड मिलिमीटर लांब असून तिचे पंख निळसर काळे असतात. ती आपलीं अंडीं पानाच्या खालीं चक्राकार रांगेंत घालते; भिंगांतून तें चक्र एकदां पाहिलें कीं पुन्हां कधीं विसरत नाहीं. संत्र्याला वर्षांतून तीनदां नवी पालवी येते, आंबिया, मृग आणि हस्त या बहारांच्या वेळीं. तेवढ्याच वेळां ही माशीही आपला वंश वाढविते. वरून कितीही औषध शिंपडलें तरी तें पानाच्या खालीं पोंचत नसेल, तर तो खर्च मातींत गेला असें समजावें.

नव्या कोंवळ्या पालवीवर आणखी तिघे पाहुणे येतात. पहिला सिट्रस सायला. प्रौढ कीड तीन-चार मिलिमीटरची, तपकिरी रंगाची. ती डोकें खालीं आणि शेपूट वर करून तिरपी बसते. या एका बैठकीवरून तिला दुरूनही ओळखतां येतें. तिचीं पिलें पिवळसर, चपटीं असून त्यांच्या अंगांतून मेणाचे पांढरे, कुरळे धागे निघतात. रसशोषणानें पालवी वांकडी होऊन गळते. परंतु याहून मोठें संकट असें कीं हीच कीड ग्रीनिंग या रोगाचे जंतु एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, आणि त्या रोगाने ग्रासलेलें झाड पुन्हां निरोगी होत नाहीं. दुसरी नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्यें शिरून वळणावळणाची रुपेरी वाट कोरते. जणूं पानावर कोणी चंदेरी शाईनें रेघोट्या ओढल्या आहेत. अशा कोरलेल्या पानांतून पुढें खैऱ्या रोगास सहज वाट मिळते. तिसरी, पानें खाणारी अळी. लहानपणीं ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. मोठी झाली कीं हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. तिचेंच पुढें काळ्या-पिवळ्या नक्षीचें सुंदर फुलपाखरूं होतें. लहान बागेंत ती हातानें वेंचणें हाच उत्तम उपाय.

आतां खोडाकडे वळावें. दोन फांद्यांच्या बेचक्यांत भुशाची आणि विष्ठेची, रेशमी धाग्यांनीं विणलेली तपकिरी पट्टी लोंबत असेल, तर आंत साल खाणारी अळी आहे. दिवसा ती भोंकांत दडते आणि रात्रीं त्या जाळ्याच्या आडोशानें बाहेर येऊन साल खाते. दुर्लक्षित, जुन्या बागांवर तिचा विशेष लोभ. जाळें काढून भोंकांत तार घालावी, म्हणजे अळीचा समाचार घेतां येतो. मात्र खोडांतून भुशाऐवजीं डिंक वाहत असेल, तर तेथें अळी शोधूं नये. तो डिंक्या रोग बुरशीचा आहे, आणि त्याचें मूळ बहुधा बुंध्याशीं साचलेल्या पाण्यांत असतें.

फळ पिकावयास आलें कीं आणखी एक चोर येतो. सकाळीं झाडाखालीं चांगलीं दिसणारीं फळें गळून पडलेलीं असतात. प्रत्येकावर सुईनें टोंचल्यासारखें एक छिद्र, आणि भोंवतीं मऊ पडलेलें वर्तुळ. दिवसभर शोधूनही अपराधी सांपडत नाहीं. दिवस मावळल्यावर बत्ती घेऊन गेलें, म्हणजे मोठे पतंग सोंड खुपसून बसलेले दिसतात. गंमत अशी कीं यांच्या अळ्या संत्र्यावर वाढतच नाहींत. त्या कुंपणावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर पोसतात. म्हणून हा शत्रु बागेंत शोधण्यापूर्वीं कुंपणावर शोधावा.

शेवटीं कोळी. हा शब्द ऐकतांच घराच्या कोपऱ्यांत जाळें विणणारा कोळी डोळ्यांपुढें येतो. संत्र्यावरचा हा त्याचा दूरचा आणि फारच सूक्ष्म भाऊबंद आहे. पानावर राखेचे बारीक ठिपके पडल्यासारखें वाटलें, पान धुरकट दिसूं लागलें, तर तें पांढऱ्या कागदावर झटकावें. कागदावरची धूळ चालूं लागली तर ती धूळ नव्हे! याच कुळांतील दुसरा एक जीव नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीं. त्याच्यामुळें फळाची साल तांबूस, खरखरीत होते, आणि बागाइतदार त्याला लाल्या म्हणतात. बाजारांत असें फळ कमी भावानें विकलें जातें. आंतला रस मात्र बहुधा गोडच असतो.

येथेंच ओळखीचें खरें मोल कळतें. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, पानावरच्या कोळ्याला आठ. हा भेद नुसता पुस्तकी नाहीं. पुष्कळशीं कीटकनाशकें कोळ्याला मारीत नाहींत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मात्र तीं मारतात. मग आठवड्याभरांत कोळी पूर्वीपेक्षां अधिक होतो, आणि बागाइतदार अधिक कडक औषध आणावयास निघतो. कोळ्यावर पाण्यांत मिसळणारें गंधक उपयोगी पडतें. परंतु कोळी आहे हें आधीं दिसावयास हवें. न ओळखतां केलेल्या फवारणीची किंमत केवळ पैशांतच द्यावी लागते असें नाहीं. सन २०१७ मध्यें शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषधें फवारतांना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले, आणि शेंकडोंना रुग्णालयांत ठेवावें लागलें. जी फवारणी टाळतां येईल ती टाळणें, हें झाडाइतकेंच माणसाच्याही हिताचें आहे.

आणि ती कधीं टाळावी, हेंही पानच सांगतें. काळ्या माशीचें रिकामें कवच भिंगाखालीं धरावें. माशी स्वतः बाहेर पडली असेल तर कवच उभ्या-आडव्या चिरेनें फाटलेलें दिसतें. परंतु त्याला स्वच्छ गोल भोंक असेल, तर आंतून माशी नव्हे, तिला खाऊन वाढलेली एक इवलीशी गांधीलमाशी बाहेर पडलेली असते. गोल भोंकें पुष्कळ दिसलीं कीं फवारा खालीं ठेवावा. बागेचे राखणदार कामावर आहेत.

या राखणदारांचें मोल परदेशानें केव्हांच ओळखलें आहे. वोग्लम नांवाचा अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ १९१०-११ मध्यें लिंबूवर्गीय झाडांवरील पांढऱ्या माशीचे शत्रु शोधावयास हिंदुस्थानांत आला होता. त्याच्याच नांवावरून काळ्या माशीला १९१५ मध्यें शास्त्रीय नांव मिळालें. आशियांतली ही माशी तोंवर जमैकांत पोंचली होती. १९३५ मध्यें ती मेक्सिकोंत आढळली. तेथें फवारे थकले, तेव्हां १९४९ च्या सुमारास भारत आणि पाकिस्तान येथून तिच्यावर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाशा नेण्यांत आल्या, आणि त्यांनीं तिला आटोक्यांत आणलें. जें धन मेक्सिकोनें समुद्रापलीकडून मागवून घेतलें, तें इंझोरीच्या बागाइतदाराच्या झाडावर फुकट वावरत असतें.

शहरांतील गृहस्थाला हें सर्व दूरचें वाटण्याचें कारण नाहीं. सज्जांत कुंडींतला कढीपत्ता असेल किंवा अंगणांत कागदी लिंबू असेल, तर सायला आणि ती शिंगें काढणारी अळी तेथेंही हजेरी लावतात. मुलांच्या हातीं भिंग देऊन एक पान उलटून दाखवावें. आणि बाजारांत एखादें संत्रें खरखरीत तांबूस सालीचें दिसलें, तर तें नाक मुरडून बाजूला सारण्यापूर्वीं एवढें आठवावें कीं डाग सालीवर आहे, फोडींत नाहीं. आणि तें फळ मागें टाकलें म्हणजे पुढल्या मोसमांत कोठें तरी आणखी एक नाहक फवारा उडण्याची भीति असते.