पुंगळी बदलली की माप बदला



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या या ज्ञानसत्रात मजसारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने काडतुसावर बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. सदाशिव पेठेत काडतुसाचे काय काम? पण येथून दोन कोसांवर खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. पुण्यातील कितीतरी घरांची चूल त्याच्या भोंग्यावर पेटली. तेव्हा विषय आपल्या गावचाच आहे.

काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. गोळी उडते, दारू जळते, टोपीचे काम एका क्षणात संपते. पुंगळी मात्र मागे राहते. दारू पेटली की ती फुगून बंदुकीच्या नळीला आतून घट्ट चिकटते, त्यामुळे तप्त वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब ओसरला की ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. हे फुगणे-आकसणे साधावे म्हणून सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे पितळ घेतात.

परदेशांत पुष्कळ नेमबाज झाडलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसे बनवण्यास परवाना लागतो, तेव्हा हा घरगुती छंद नव्हे. पण त्या भरणाऱ्यांचा एक नियम शिकण्याजोगा आहे. दुसऱ्या कारखान्याची पुंगळी हाती आली की जुने माप विसरायचे.

का बरे? पुंगळीचे बाहेरचे माप ठरलेले असते, कारण तिला बंदुकीत बसायचे असते. आतली जाडी मात्र ज्याच्या त्याच्या कारखान्याची. ७.६२ मिलिमीटरच्या जातीची एक पुंगळी १६० ग्रेन भरते, तर दुसरी १८०. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. मग वीस ग्रेन पितळ जास्तीचे गेले कोठे? आत. पितळ पाण्याच्या साडेआठपट जड, म्हणजे आतली जागा सुमारे सव्वादोन ग्रेन पाण्याइतकी घटली. अशा पुंगळीत एकंदर पाणी मावते छप्पन ग्रेनच्या आसपास. तेव्हा ही घट शेकडा चार झाली. ऐकायला थोडी वाटते. परंतु दारू कोंडलेल्या जागेत जळते. जागा कमी, म्हणून दाब जास्त. दाब वाढला म्हणून जळणे आणखी जलद. आणि जलद जळाले की दाब पुन्हा चढतो. जुन्या पुंगळीत जे माप बिनघोर होते, ते नव्या पुंगळीत बंदूक फोडू शकते. उलट पुंगळी आतून ऐसपैस असेल तर दाब पडतो, गोळी मंदावते आणि निशाण खाली उतरते.

म्हणून जाणता भरणारा प्रथम वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या निराळ्या करतो. त्या तोलतो, पाणी भरून आतली जागा मोजतो, मानेची जाडी पाहतो. कारण मान जाड असेल तर गोळी सुटायला जागा उरत नाही आणि तेथेही दाब चढतो. मग दारूचे माप खाली आणून थोडेथोडे वर चढतो, आणि प्रत्येक वेळी झाडलेली पुंगळी पाहतो. टोपी चपटी झाली, बुडावर चकाकता डाग उमटला, बोल्ट उघडताना अडला, तर तेथे थांबतो आणि मागे येतो. ही भित्रेपणाची लक्षणे नव्हेत.

बाहेरून सारखे ते आतूनही सारखे, या समजुतीने आपल्या देशात पूर्वीही फसगत झाली आहे. इंग्रजी अमलात पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावे तो पुंगळ्यांना चिरा. ठेवताना त्या धड दिसत होत्या. पुढे १९२१ मध्ये इंग्लंडातील धातुशास्त्रज्ञांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे, आणि पितळ ओढून पुंगळी करताना जो ताण तिच्यात कोंडला जाई, त्यावर तो अमोनिया घाव घाली. बेताने तापवून तो ताण काढला की चिरा थांबतात. दोष होता, पण डोळ्यांना दिसत नव्हता.

आता माझ्या अनुभवाची गोष्ट. तीसेक वर्षांपूर्वी एका खाजगी कारखान्यात पितळी पत्र्यातून टोपणे ओढण्याचे काम चाले. एके दिवशी दुसऱ्या गिरणीचा पत्रा आला. जाडी तीच, भाव थोडा कमी. टोपणांच्या काठांना चिरा पडू लागल्या. व्यवस्थापनाने प्रेसवरच्या कामगारांची मजुरी कापली. कागदावर माल तोच, मग चूक हाताचीच! तेव्हा डाय बसवणाऱ्या एका वृद्ध कारागिराने दोन्ही पट्ट्या साहेबांसमोर हाताने वाकवल्या. जुनी वाकून राहिली, नवी उसळून मागे आली. मायक्रोमीटर जाडी सांगतो, कठीणपणा सांगत नाही, एवढेच तो म्हणाला. आम्ही कापलेली मजुरी परत मिळवली. पण त्याहून मोठे कलम करारात आले: माल बदलला की पहिले नग चाचणीचे धरावे, तो वेळ पगारी असावा आणि बिघडलेला नग कामगाराच्या माथी मारू नये.

२०२१ मध्ये सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. तांब्यापितळेचे काम करणारा अंबरनाथचा कारखाना एका कंपनीत गेला, काडतुसे करणारा खडकीचा दुसऱ्या कंपनीत. ते बरे की वाईट, हा वाद आज काढीत नाही. परंतु एका छताखालचा माल जेव्हा खरेदी-विक्रीचा माल होतो, तेव्हा पुरवठा करणारा कधीही बदलू शकतो, आणि नव्याने मोजण्याचे कलम अधिकच जपावे लागते.

मोजण्याला वेळ लागतो, वेळाला पैसा लागतो. तो वाचवला तर नफा एकाचा होतो आणि धोका दुसऱ्याचा. पुंगळी फुटली तर ती खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याच्या टेबलावर फुटत नाही. बंदुकीला गाल लावून बसलेल्या जवानाच्या तोंडाशी फुटते. म्हणून जो सर्वांत जवळ उभा आहे, त्याला "थांबा, आधी मोजू" असे म्हणण्याचा हक्क असला पाहिजे. माझ्या सगळ्या चळवळीचे सार विचाराल तर या एका वाक्यात आहे.