स्काऊटला मुलं मिळतात, माणसं मिळत नाहीत

(मध्य न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी शाळेच्या पालकसभेत केलेलं भाषण, छापण्यासाठी थोडं आवरून.)



शाळेच्या ताईंनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत, त्यातली दोन माईक सुरू होईपर्यंत गेली. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. आपल्या गावातल्या कब स्काऊट पॅकमध्ये आज बावीस मुलं आहेत. त्यातली अकरा भारतीय घरांतली, आणि त्यातली पाच तर आत्ता शेजारच्या वर्गात बाराखडी गिरवतायत. हा पॅक एका चर्चच्या तळघरात भरतो. त्या चर्चने कळवलं आहे की पुढच्या वर्षी ते करारावर सही करणार नाहीत. भांडण काहीच नाही, पत्रही अतिशय गोड आहे. पण दुसरं कोणी सही केली नाही, तर पॅक बंद होईल. मी त्या पॅकच्या समितीवर आहे, म्हणून मी इथे उभा आहे.

आता हा करार म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण आपल्याकडची पद्धत वेगळी होती. मी सांगलीत शाळेत होतो तेव्हा स्काऊट शाळेचं असायचं. पी.टी.चे सर तेच स्काऊट मास्तर. गळ्यात स्कार्फ, त्याला वॉगल, डाव्या हाताने हस्तांदोलन. आणि वर्षातून एकदा ‘खरी कमाई’, म्हणजे शाळेच्या पटांगणात भेळ विकायची आणि त्यातली निम्मी आपणच खायची. आईवडिलांचं काम गणवेशाचे पैसे देण्यापुरतं. वडील कधी स्काऊटच्या तासाला आलेले मला आठवत नाहीत, आणि आले असते तर मीच लाजेने मेलो असतो.

अमेरिकेत असं नाही. इथे राष्ट्रीय संस्था अभ्यासक्रम, गणवेश, बॅज आणि नियम देते. पॅक मात्र असतो एखाद्या स्थानिक संस्थेचा: चर्च, लायन्स क्लब, शाळेची पालक संघटना, कोणीही. तिने दरवर्षी ‘चार्टर’ घ्यायचा. तिने जागा द्यायची, मोठ्या माणसांच्या नेमणुका मंजूर करायच्या. पॅकच्या बँकेतले पैसे आणि गॅरेजमधले तंबूसुद्धा कागदोपत्री तिच्याच मालकीचे. फ्रँचायझीसारखा मामला म्हणा. पाटी मोठ्या कंपनीची, पण दुकान चालवणारा गावातला. तो उठून गेला की पाटी कितीही जुनी असली तरी शटर खाली.

पाटी जुनीच आहे. इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेलने १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं आणि इथे ८ फेब्रुवारी १९१० ला बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका स्थापन झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यात चाळीस लाखांहून जास्त मुलं होती. राष्ट्रीय कार्यालयही १९७९ पर्यंत आपल्या न्यू जर्सीतच, नॉर्थ ब्रन्सविकला होतं. मग ते टेक्सासला गेलं. (आपल्या ओळखीतले बरेच जण गेले तसंच.)

गेल्या महिन्यात एका काकांना मी हे सगळं सांगत होतो. ते १९७४ साली इथे आलेले, त्यांचा मुलगा ईगल स्काऊट. ते म्हणाले, “अरे, मुली घेतल्या, गे लोकांना घेतलं, नाव बदललं, मग संस्था बुडणार नाही तर काय?” काका आज इथे बसले आहेत, त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय. असं वाटणारे ते एकटे नाहीत, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

घटना काकांनी सांगितल्या त्याच आहेत. सुरुवात आपल्या शेजारच्या मॉनमथ कौंटीत झाली. जेम्स डेल हा ईगल स्काऊट, रटगर्समध्ये शिकणारा, ट्रूपमध्ये सहायक स्काऊट मास्तर. तो समलिंगी आहे हे वर्तमानपत्रातून कळल्यावर १९९० मध्ये त्याला काढून टाकलं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तो पाच विरुद्ध चार मतांनी फिरवला. म्हणजे खटला संस्था जिंकली, पण त्यानंतर देणगीदार आणि शहरं एकेक करून हात आखडू लागली. पुढे २०१३ मध्ये समलिंगी मुलांना आणि २०१५ मध्ये समलिंगी प्रौढांना प्रवेश देण्याचं ठरलं. २०१७ च्या ऑक्टोबरात मुलींना घेण्याची घोषणा झाली. २०१८ मध्ये त्या कबमध्ये आल्या, फेब्रुवारी २०१९ पासून मुलींचे वेगळे ट्रूप सुरू झाले. गर्ल स्काउट्स ही इथे पूर्णपणे वेगळी संस्था आहे, १९१२ पासूनची. ती चिडली आणि नावाच्या वापरावरून कोर्टात गेली. २०२२ मध्ये तो खटला ती हरली. आणि मे २०२४ मध्ये जाहीर करून ८ फेब्रुवारी २०२५ पासून संस्थेचं नाव स्काउटिंग अमेरिका झालं. भारतात गाईड संघटना १९५१ मध्येच भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये आली, त्यामुळे एका संस्थेत मुलगे-मुली याचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

आता आकडे बघू. २०१९ मध्ये कब आणि स्काऊट मिळून सुमारे १९ लाख ७० हजार मुलं होती. २०२० मध्ये ११ लाख २० हजार. २०२१ मध्ये ७ लाख ६२ हजार. दोन वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त घट. आपल्या कंपनीत कुठल्या ग्राफची रेघ अशी पडली असती, तर आपण सगळे लिंक्डइन अद्ययावत करत बसलो असतो.

पण ही रेघ कशाने पडली? त्यातली चार लाखांहून जास्त मुलं एका सहीने गेली. मॉर्मन चर्च हे १९१३ पासूनचं सर्वांत जुनं आणि सर्वांत मोठं चार्टर घेणारं. त्यांच्या मंडळींतला मुलगा त्या वयाचा झाला की आपोआप स्काऊट व्हायचा. त्या चर्चने मे २०१८ मध्ये जाहीर केलं की २०१९ संपताच आम्ही बाहेर पडणार आणि जगभरासाठी स्वतःचा कार्यक्रम चालवणार. समलिंगी प्रौढांबाबतच्या २०१५ च्या निर्णयावर ते नाराज होते, त्यामुळे काकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं मी मान्य करतो. पण त्या चार लाख घरांनी बसून वेगवेगळा विचार केला आणि मुलाचं नाव काढलं, असं झालेलं नाही. छप्पर गेलं, त्याबरोबर मुलं गेली.

याच्या आधीही असंच झालं होतं. पूर्वी सरकारी शाळा पुष्कळ पॅकचे चार्टर घ्यायच्या. स्काऊटच्या शपथेत देव आहे, मग सरकारी शाळा असा चार्टर कसा घेऊ शकते, म्हणून २००५ मध्ये कोर्टात खेचण्याचा इशारा आला. तेव्हा संस्थेने हजारो पॅक आणि ट्रूप शाळांकडून काढून इतर संस्थांकडे न्यायचं ठरवलं. शाळेतच भरणारा पॅक आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला तळघरात भरणारा पॅक यात फरक पडतोच. शपथेतल्या देवाबद्दल आपल्यातल्या काहींना शंका असते, म्हणून जाता जाता सांगतो: देव कोणता, हे संस्था विचारत नाही. हिंदू मुलांसाठीही मानचिन्हं आहेत, लहानांचं ‘धर्म’ आणि मोठ्यांचं ‘कर्म’.

मग आला कोविड. तळघरं बंद, शिबिरं बंद. झूमवर गाठी मारायला शिकवून बघा एकदा. मुलाचा डावा हात आपल्याला उजवा दिसतो.

आणि त्याच काळात सगळ्यात वाईट प्रकरण उघड्यावर आलं. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. लहानपणी स्काऊटमध्ये आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले, असं सांगणारे ब्याऐंशी हजारांहून जास्त दावे आले. २४६ कोटी डॉलरची भरपाई ठरली, ती योजना एप्रिल २०२३ मध्ये लागू झाली. स्थानिक कौन्सिलांना पन्नास कोटी डॉलरच्या वर रक्कम द्यावी लागली, त्यासाठी कित्येकांनी वर्षानुवर्षांची शिबिराची रानं विकली. विम्याचा खर्च वाढला म्हणून मुलाची वार्षिक फी २०२० मध्ये ३३ वरून ६० डॉलर झाली आणि पुढेही वाढतच गेली. हा ब्याऐंशी हजारांचा आकडा वाचून कोणा आईने मुलाला घातलं नाही, तर मी तिला चूक म्हणणार नाही. मीही तो वाचल्यावर दोन महिने फॉर्म भरला नव्हता.

आज नियम कडक आहेत. सभेला किमान दोन नोंदलेली प्रौढ माणसं हवीत. कुठलाही प्रौढ कुठल्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही. प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासायची, प्रत्येकाने मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं. नियम चांगलेच आहेत. पण दुसरा प्रौढ आला नाही तर काय? सभा रद्द. या वर्षी आपल्या पॅकच्या तीन सभा अशा रद्द झाल्या. बाहेर गाडीत बसून फोन बघणारे आठ बाबा होते. नोंदलेला एकही नव्हता.

म्हणून काकांना मी म्हटलं की पेपरात शंभर वेळा वाद झाला तो कोणाला आत घ्यायचं याचा. आपला पॅक अडला आहे तो आत यायला कोणी मोठं माणूस तयार नाही म्हणून. मुलं येतायत. देशभरात २०२४ पर्यंत आकडा पुन्हा दहा लाखांच्या थोडा वर आला होता, त्यात पावणेदोन लाखांच्या घरात मुली होत्या. आपल्या बावीसमध्ये सात मुली आहेत, आणि तंबू ठोकायला सर्वांत तरबेज त्याच आहेत.

आता आपल्याबद्दल बोलतो, जरा झोंबेल. आपल्या लोकांना ईगल हवा असतो. एकवीस मेरिट बॅज, समाजासाठी एक प्रकल्प, आणि हे सगळं अठरा पूर्ण व्हायच्या आत. कॉलेजच्या अर्जावर छान दिसतं. मला पालक विचारतात, “पहिलीपासून घातलं तर ईगल लवकर होतो का?” तेच पालक डेन लीडरचं नाव काढलं की म्हणतात, “माझं प्रवासाचं काम आहे.” मीही कन्सल्टंट आहे, सोमवारी पहाटे नेवार्कहून उडतो आणि गुरुवारी रात्री येतो. पॅक शुक्रवारी भरतो. पाइनवूड डर्बीला मात्र सगळे बाबा हजर असतात. मुलाने पाच औंसाची लाकडी गाडी करायची असते. इथे गुरुत्वमध्य एक्सेलमध्ये काढून बाबाच रात्री दोनपर्यंत ग्रेफाइट घासत बसतो आणि मुलगा झोपलेला असतो.

तुमच्यातल्या काहींना वाटतं की हे आपलं नव्हे, गोऱ्यांचं आहे, कॅम्पात हॉट डॉग खातात. कबचा कार्यक्रम बेडन-पॉवेलने १९१६ मध्ये ‘जंगल बुक’वर बेतला. त्यातलं रान शिवनीचं, आपल्या नागपूरच्या वरचं. इथली गोरी मुलं अकेला आणि बालू म्हणतात तेव्हा ते आपलेच शब्द आपल्याला परत ऐकवत असतात. जेवणाचं म्हणाल, तर मेनू आपणच ठरवायचा असतो. गेल्या वसंतात एका आजींनी शिबिरात मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. ती दोनदा संपली.

आता प्रश्न मंडळाचा. मंडळाने चार्टर घ्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. कार्यकारिणीतल्या दोघांनी विचारलं, उद्या काही घडलं तर मंडळावर दावा येईल का? प्रश्न रास्त आहे. मेथडिस्ट चर्चला हीच भीती होती. त्यांनी २०२१ मध्ये आपल्या चर्चना नेहमीच्या करारावर सही करू नका म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये वेगळा करार निघाला, त्यात नेमणुका आणि चार्टर कौन्सिलकडे राहतो आणि चर्च मुख्यतः जागा देतं. मला स्वतःला आपल्यासाठी तसाच करार जास्त पटतो. गणेशोत्सवासाठी मंडळाचा विमा आहेच. तो याला लागू होतो की नाही, हे वकिलाला आणि विमा एजंटला लेखी विचारायचं आहे. आपल्या सभासदांत वकील दोन आहेत. त्यांनी मसुदा फुकट वाचून द्यावा, बदल्यात खिचडी.

जागेचं म्हणाल तर मंडळाची स्वतःची नाही, पण हीच शाळा आपल्याला रविवारी भाड्याने मिळते. मराठी शाळा साडेबाराला सुटते. एक ते दोन पॅक भरला, तर मुलांना गाडीत पुन्हा कोंबायला नको. बिगरमराठी मुलंही येतील, यावीत. चार्टर आपला असला तरी पॅक गावाचा आहे, आणि तो फक्त मराठी करायचा असेल तर मी त्यात नाही.

कागदपत्रांना महिनाभर लागतो. कौन्सिलला एकूण पाच मोठ्या माणसांची नावं द्यायची आहेत. माझं एक, आणि तंबूवाल्या मुलीच्या आईचं एक. त्या आईला मराठी येत नाही, पण ती तयार आहे. उरली तीन. बाहेर चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. त्यात पहिला रकाना मोठ्या माणसांच्या नावांचा आहे, मुलांच्या नावांचा रकाना पान उलटल्यावर. वड्यांच्या आधी वहीकडे या, नंतर पेनाला तेल लागतं.