न्यायाच्या तराजूची दोन पारडी
(मढ येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी वकील नव्हे; बी.ए., बी.एड्. झालेला साधा शिक्षक आहे. तरीही आज लुटीसाठी केलेल्या खुनाला कोर्ट शिक्षा कशी ठरविते, यावर मी बोलणार आहे. आपली मुले दहावीनंतर मढहून ओतूरला, जुन्नरला, पुण्याला शिकावयास जातात. तेथे त्यांची संगत कोणाशी जमते हे आपणांस घरी बसून दिसत नाही, म्हणून हा विषय.

पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा माणसे मारली गेली. मारणारे कलाशिक्षण घेणारे तरुण विद्यार्थी होते. घरात शिरावयाचे, ऐवज काढून घ्यावयाचा आणि ओळखणारा कोणी उरू नये म्हणून नायलॉनच्या दोरीने गळे आवळावयाचे, अशी त्यांची रीत. त्यांचा एक सोबती माफीचा साक्षीदार झाला. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना 1978 साली सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. वरच्या न्यायालयांनी ती कायम केली आणि 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवडा तुरुंगात ती अमलात आली. चौघांची नावे पाहा. वाईट संगत जात-धर्म विचारीत नाही आणि कोर्टाच्या तराजूतही त्याला वजन नसते.

मग वजन कशाला असते? खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद; फाशी द्यावयाची तर न्यायाधीशांनी विशेष कारणे लिहिली पाहिजेत. हे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सांगितले आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेनेही तसेच ठेवले आहे. 1980 साली बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी दिली. एका पारड्यात गुन्हा गंभीर करणाऱ्या गोष्टी पडतात: आधीपासून आखलेला बेत, कमालीचे क्रौर्य. 1983 च्या मच्छीसिंग निकालाने त्यांत आणखी स्पष्टता आणली: हेतू काय, माणसे किती मारली, मरणारा बालक, वृद्ध किंवा असहाय होता काय. दुसऱ्या पारड्यात आरोपीचे वय, मनःस्थिती, त्याच्यावरील दुसऱ्याचा दबाव आणि तो सुधारण्याची शक्यता. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा, असा याचा अर्थ.

इंदूरला 2011 साली लुटीत तीन स्त्रियांचा खून झाला. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची फाशी बदलून किमान 25 वर्षांची जन्मठेप दिली आणि आरोपीचे घर, शिक्षण, मन आणि तुरुंगातील वागणूक यांची माहिती खालच्या कोर्टातच मागवावी, असे बजावले.

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. पाच किंवा अधिक जणांनी मिळून लूट केली तर तो दरोडा. त्यात एकाने खून केला तरी प्रत्येक जण फाशीपर्यंतच्या शिक्षेला पात्र ठरतो. “मी हात लावला नाही, नुसता बरोबर होतो,” ही सबब तेथे सुटका करीत नाही.

आता पालकांसाठी. 26 ऑगस्ट 1994 रोजी पुण्यात राठी कुटुंबाच्या घरी लुटीत स्त्रिया व मुले मिळून सात जीव गेले. यातील एका आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली कायम केली होती. 27 मार्च 2023 रोजी त्याच न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय अवघे 12 वर्षे 6 महिने होते. आधार कोणता? राजस्थानातील त्याच्या शाळेचा जन्मतारखेचा दाखला! त्या वयाच्या बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. तो 28 वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. गेलेले सात जीव परत येत नाहीत, आणि त्यांच्या आप्तांचे दुःख कोणत्याच पारड्यात मावत नाही. पण फाशी आधीच अमलात आली असती, तर तो दाखला कोणाला दाखविणार होतो?

माझी स्वतःची जन्मतारीख रजिस्टरात 1 जून आहे. आई म्हणते, तू सुगीत जन्मलास! आपल्यापैकी कितीतरी जण असे 1 जूनचे आहेत. गुरुजींनी सोयीने तारीख लिहिली, वडिलांनी मान डोलाविली. पालकहो, आपल्या मुलाला कोर्टाची पायरी चढावी न लागो, हीच दुआ. पण मुलाची खरी तारीख, खरे नाव नोंदवा. तो कोणाबरोबर फिरतो, रात्री कोठे असतो, हे विचारीत जा. शाळेला एक चक्कर टाका. दुसऱ्या पारड्यात पडणारे वजन आपल्याच घरात आणि शाळेत तयार होते.