पानं घ्या!

मी बोलतेय मुळशी तालुक्यातून, पौडच्या आमच्या घरातून. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, इंद्रायणी शिजतोय.

दोन वर्षं झाली, मी जपानी शिकतेय. परवा क्लासमध्ये जेवणाआधीच्या तयारीचे शब्द झाले. ‘शोकुताकु ओ तोतोनोएरु’ म्हणजे जेवणाचं टेबल नीट मांडणं. ‘हाइझेन’ म्हणजे वाढलेलं जेवण ज्याच्या-त्याच्यापुढे नेऊन ठेवणं. वहीत अर्थ लिहिताना मला आजीची रोजची हाक आठवली, ‘पानं घ्या गं!’

आता बघा, आमच्याकडे ताटं स्टीलची. पत्रावळ निघते ती लग्नाकार्याला. तरी आजी ‘पानं’च म्हणते. पान गेलं, शब्द राहिला.

जपानीतही हेच झालंय. ‘झेन’ म्हणजे जेवणाचा बुटका चौरंग किंवा तबक. (ध्यानवाला झेन नाही हां, तो वेगळा!) पूर्वी प्रत्येकाला आपापला झेन असायचा, जसं आपल्याकडे प्रत्येकाला पाट आणि पान. मग एकत्र बसायचं बुटकं टेबल आलं, पुढे डायनिंग टेबल. पण चॉपस्टिकची जोडी आजही ‘इचिझेन’, म्हणजे ‘एक झेन’ अशीच मोजतात. वाडगाभर भातसुद्धा. कुणी सगळी पूर्वतयारी करून दिली, मग ती मीटिंगची का असेना, तर ती ‘ओझेनदाते’. आणि सगळं आयतं पुढ्यात, उष्टं ताटही दुसऱ्यानंच उचलायचं, तर ‘आगेझेन-सुएझेन’. आमच्या दादासाठी हा शब्द मी पाठच करून ठेवलाय.

मांडणीचे नियमही दोघांचे कडक. त्यांचा भात डावीकडे, सूप उजवीकडे. आपल्याकडे चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. चुकलं की आजीचा डोळा लगेच तिथं.

पण एक शब्द मनात रुतून बसला, ‘कागेझेन’. घरातलं माणूस लांब प्रवासाला किंवा लढाईवर गेलं, की ते सुखरूप राहावं म्हणून घरी त्याच्या नावानं जेवण वाढून ठेवायचं. मी कौतुकानं आजीला सांगितलं. कारण पुढच्या महिन्यात मी नोकरीसाठी जपानला चाललेय. म्हटलं, तूही माझं पान वाढून ठेवशील?

आजीचा चेहराच उतरला. म्हणाली, ‘‘काहीतरी बोलू नकोस. पान वाढून ठेवतात ते गेलेल्यांसाठी, सर्वपित्रीला. जित्या माणसाचं ताट झाकून ठेवायचं असतं.’’

मी गप्प झाले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून मी रात्री दहाला घरी पोचायचे, तेव्हा ओट्यावर माझं ताट असायचं, वर दुसरं ताट पालथं. कधी आभार मानल्याचं आठवत नाही. माझा कागेझेन रोजच मांडला जात होता. मला त्याचं नाव तेवढं माहीत नव्हतं.

मग हळूच विचारलं, ‘‘मी गेल्यावर किती पानं घेशील?’’

‘‘चार,’’ ती म्हणाली. ‘‘पण पाचवं ताट मांडणीतच राहील. घासून-पुसून.’’

तुमच्या घरी काय म्हणतात? पानं घ्या, ताटं घ्या, की ताटं करा? व्हॉइस नोट पाठवा. आणि आज हाक यायच्या आधी उठा बरं का.

चला, मी निघते. आज पाच पानं घ्यायचीयत.