निवृत्त शिपायाचा दम

रत्नागिरी जिल्ह्यानें सैन्यास माणसें पुरविलीं, ही गोष्ट फार जुनी आहे. दापोलीच्या नांवास लोक अजूनहि ‘कॅम्प’ जोडतात, तें ब्रिटिश अमलांतील तेथील लष्करी छावणीमुळें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे याच जिल्ह्यांतील आंबडवे गांवचे. सेवानिवृत्तीनंतर त्यांचें कुटुंब कांहीं काळ दापोलीसच राहिलें होतें. पुढें मराठा लाइट इन्फंट्री आणि १९४१ सालीं उभारलेली महार रेजिमेंट या दोहोंतहि कोंकणांतील तरुण गेले. त्या परंपरेंतील पेन्शनर आज गांवोगांवीं आहेत. छाती काढून संचलन केलेल्या या माणसांपैकीं कित्येकांना उतारवयांत घरासमोरची पाखाडी चढतांना धाप लागते, आणि ती गोष्ट ते कोणास सांगत नाहींत.

शिपाई जखम दाखवील, पण धाप दाखविणार नाहीं. वय झालें, एवढेंच तो म्हणतो. दुकानांतून जिन्नस आणावयास नातवास धाडतो. खालच्या बागेंत जाण्याऐवजीं ओटीवर बसून गड्यास हांका मारतो. गणपतीच्या आरतीस उभा राहतो, पण विसर्जनाच्या वाटेनें जात नाहीं. घरच्यांस वाटतें, बाबांना आतां गर्दी सोसत नाहीं. वास्तविक त्यांना चढ सोसत नसतो.

या विकारास डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात. यांत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांची लवचिकता जाते, आणि आंत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाहीं. शिळी हवा जागा अडवून बसली, कीं ताज्या हवेस वाव उरत नाहीं. बोलण्यांत यालाहि दमाच म्हणतात. परंतु दम्याच्या नलिका बहुधा पुन्हा मोकळ्या होतात, या होत नाहींत. स्पायरोमीटर नांवाच्या यंत्रांत जोरानें फुंकलें असतां पहिल्या सेकंदांत किती हवा बाहेर पडली तें मोजतां येतें, आणि निदान त्यावरच ठरतें. नुसतें छातीचें चित्र काढून हें काम भागत नाहीं.

कारणांत पहिला मान विडी-सिगारेटचा. पहाऱ्याच्या लांब रात्रींत लागलेली ही सवय पेन्शनीबरोबर घरीं येते. अतिशीत ठाण्यांवर बंद निवाऱ्यांत रॉकेलच्या शेगडीचा धूर छातींत जातो. पूर्वीं होऊन गेलेला क्षयहि आपले व्रण मागें ठेवतो. घरीं परतल्यावर चूल आहेच, आणि पावसाळ्यापूर्वीं कवळ व पालापाचोळा जाळून केलेली भाजावळ आहे. अमेरिकेंत २०२२ च्या ऑगस्टमध्यें झालेल्या कायद्यानें, युद्धभूमीवर उघड्या खड्ड्यांत कचरा जाळला जाई त्या ठिकाणच्या सैनिकांस हा विकार झाल्यास तो सेवेमुळेंच झाला असें गृहीत धरण्याचें ठरलें. आपल्याकडील शिपाई आपल्या धापेचा असा हिशेब क्वचितच मांडतो.

मात्र खरें नुकसान विकारापेक्षां विश्रांतीनें अधिक होतें, हें फार थोड्या घरांत ठाऊक असतें. धाप लागते म्हणून माणूस चालणें टाकतो. चालणें टाकल्यानें मांड्यांचे स्नायु वाळतात. दुबळे स्नायु तेवढ्याच कामास अधिक प्राणवायु मागतात. आणि धाप आणखी लवकर लागते. प्रेमळ घरांत तर हें चक्र अधिकच वेगानें फिरतें, कारण तेथें पाण्याचा तांब्याहि हातांत आणून दिला जातो! यावरील उपायास फुप्फुसांचें पुनर्वसन म्हणतात. नांव किंचित् फसवें आहे. त्यानें फुप्फुसें पूर्ववत् होत नाहींत. स्पायरोमीटरचा आंकडा जवळजवळ तेथेंच राहतो. सुधारतात ते पाय, आणि त्यांच्याबरोबर माणसाचा धीर. सहा ते आठ आठवडे, आठवड्यांतून दोन-तीन वेळां, मोजूनमापून चालणें व स्नायूंस बळ देणारा व्यायाम, एवढाच त्याचा गाभा.

यांत गंमत अशी, कीं या रोग्यांची परीक्षा ज्या कसोटीनें घेतात तिचा उगम सैनिकांतच आहे. १९६८ सालीं डॉ. केनेथ कूपर यांनीं अमेरिकन वायुदलांतील माणसांस बारा मिनिटें धांवावयास लावून त्यांची तंदुरुस्ती मोजली. १९७६ सालीं ब्रिटिश डॉक्टरांनीं जुनाट श्वासविकाराच्या रोग्यांसाठीं धांवण्याचें चालणें केलें, आणि १९८२ सालीं बाराचीं सहा मिनिटें झालीं. सपाट वाटेवर सहा मिनिटांत किती मीटर अंतर कापलें, हा आंकडा जुन्या शिपायास लगेच कळतो. फुप्फुसांच्या चित्रापेक्षां त्याचा त्यावर अधिक विश्वास बसतो.

आरंभ अर्थातच डॉक्टरांच्या तपासणीनें व्हावा, कारण हृदयहि पाहिलें पाहिजे. मग अंगणांत सपाटीवर चालावें. बोलतां यावें पण गातां येऊं नये, इतपत धाप लागूं द्यावी. पाखाडीवर पायरी चढतांना ओठ चंबूसारखे करून श्वास हळूहळू सोडावा, आणि थांबून नाकानें घ्यावा. ‘पंप’ म्हणजे अखेरचा उपाय, हा समज तर समूळ काढून टाकावा. त्यानें औषध थोड्या मात्रेंत नेमकें श्वासनलिकांत पोंचतें. विडी सुटली नाहीं, तर मात्र बाकीच्या उपायांचें बळ बरेंचसें वायां जातें.

अडचण अंतराची आहे. सेनेचें छाती व हृदयविकारांचें मोठें रुग्णालय पुण्यास; मंडणगडच्या किंवा राजापुरच्या खेड्यांतून घाट चढून आठवड्यांतून तीनदां तेथें कोण जाणार? या बाबतींत २०१७ सालीं प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियांतील एक प्रयोग फार उपयोगाचा आहे. तेथें रोग्यास एकदां घरीं भेट देऊन पुढें आठवड्यास एक याप्रमाणें सात दूरध्वनि केले. व्यायाम घरींच झाला. आठ आठवड्यांअखेर त्यांची प्रगति रुग्णालयांत जाणाऱ्यांहून उणी ठरली नाहीं. दूरध्वनि तर आतां वाडीवाडींत पोंचला आहे. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानें आणि एखाद्या व्यायामोपचारतज्ज्ञानें मनावर घेतलें, तर त्याला इमारतहि लागणार नाहीं.

रक्तांतील प्राणवायु फारच उतरलेल्यांस घरीं दिवसांतून किमान पंधरा तास प्राणवायु घ्यावा लागतो. त्याचें यंत्र विजेवर चालतें, आणि कोंकणांत वीज ही पावसाच्या मर्जीची वस्तु. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गांवें दीर्घकाळ अंधारांत होतीं. अशा घरांत मृगापूर्वीं भरलेली नळकांडी आणून ठेवणें हें लांकूडफांटा भरण्याइतकेंच अगत्याचें आहे.

निवृत्तिवेतनधारक सैनिकांसाठीं १ एप्रिल २००३ पासून जी अंशदायी आरोग्ययोजना चालू आहे, तींत पत्नीचाहि समावेश होतो. नवरा सीमेवर असतां जिनें चुलीपुढें फुंकणी घेऊन वर्षानुवर्षें धूर गिळला, ती विडी ओढत नाहीं म्हणून तिच्या खोकल्याकडे कोणी पाहत नाहीं. वस्तुतः धूम्रपान न करणाऱ्यांतहि हा विकार पुष्कळ आढळतो. शिपाई तपासणीस निघेल त्या दिवशीं त्याच गाडींत तिलाहि न्यावें, आणि यंत्रांत दोघांनींहि फुंकावें.