ओरुगल्लूचा वेढा आणि काकतीय सत्तेचा अस्त

ओरुगल्लू, म्हणजे आजचे वरंगळ, ही काकतीय घराण्याची राजधानी 1323 मध्ये दिल्लीच्या फौजेच्या हाती पडली आणि तेलुगू भाषक मुलखाच्या मोठ्या भागावर राज्य करणारे हे घराणे सत्तेवरून कायमचे दूर झाले. या पराभवाचा दोष पुष्कळदा शेवटचा काकतीय राजा प्रतापरुद्र याच्या दुबळेपणावर ढकलला जातो, परंतु घटनाक्रम नीट पाहिला तर तो आरोप अन्यायाचा ठरतो.

गणपतिदेवाने बांधावयास घेतलेला आणि त्याची कन्या राणी रुद्रमादेवी हिने पुरा केलेला ओरुगल्लूचा किल्ला सपाट भूमीवर उभा असल्याने डोंगराचा आडोसा त्याला नव्हता. ती उणीव बुरुजांचा दगडी कोट, त्याभोवतीचा खंदक आणि त्याबाहेरचा भक्कम मातीचा कोट यांनी भरून काढली होती. मातीचा कोट म्हणजे कमकुवत आडोसा अशी समजूत होणे शक्य आहे, परंतु मंजनिकांचे, म्हणजे दगड फेकणाऱ्या यंत्रांचे, आघात घट्ट दाबलेली माती सहज पचवते, आणि या कोटाच्या कणखरपणाची वाखाणणी शत्रुपक्षाचा कवी अमीर खुसरौ यानेही केली आहे. तरीही 1310 मध्ये दिल्लीचा सेनापती मलिक काफूर याने बाहेरचा कोट जिंकला, तेव्हा प्रतापरुद्राने खंडणी देऊन राज्य राखले. त्या स्वारीत देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाने काफूरला रसद पुरवली होती, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

पुढे यादवांचे राज्य बुडून देवगिरी हेच दिल्लीचे दक्षिणेतील ठाणे झाले आणि ओरुगल्लूचे भवितव्य तेथेच बरेचसे ठरले. 1321 मध्ये दिल्लीचा सुलतान गियासुद्दीन तुघलक याचा पुत्र उलुघ खान, म्हणजे पुढचा महंमद तुघलक, वेढा घालून बसला असता दिल्लीची डाक बंद पडली, सुलतान मरण पावल्याची अफवा छावणीत पसरली, सरदार फुटले, आणि कोटाने न हरवलेली फौज विस्कळीत होऊन देवगिरीकडे परतली. 1323 मध्ये तोच सेनापती पुन्हा आला, तेव्हा त्याने वाटेवरचे बीदर आधी घेऊन पिछाडी सुरक्षित केली व मगच ओरुगल्लूला वेढा दिला. मधल्या काळात आत पुरेशी धान्याची बेगमी झाली नव्हती, आणि कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर उपासमारीने गांजलेल्या राजाला शरण जाणे भाग पडले.

नगराचे नाव सुलतानपूर ठेवण्यात आले आणि प्रतापरुद्राला दिल्लीकडे रवाना करण्यात आले. पण तो तेथे पोहोचला नाही. तेलुगू सरदार प्रोलय नायकाच्या विलास ताम्रपटानुसार त्याला नर्मदेच्या तीरी मृत्यू आला, तर राणी अनितल्ली हिच्या 1423 च्या कलुवचेरू दानपत्रात तो स्वेच्छेने देवलोकी गेल्याचे म्हटले आहे.