विश्वाचे उचंत खाते आणि कृष्णविवरे

(पाली येथे सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पेढीवर वर्षअखेरीस तेरीज मांडली जाते. जमा आणि नावे या दोन बाजूंची बेरीज जुळली नाही, तर जाणता मुनीम फरकाची रक्कम कोणाच्या तरी नावावर ढकलून मोकळा होत नाही. ती रक्कम तो उचंत खात्यात ठेवतो आणि चूक सापडेपर्यंत किर्द-खतावणी पुन्हा पुन्हा तपासतो. उचंत खाते असणे ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. खोटी पावती जोडून फरक मिटवणे ही मात्र निश्चितच लाजिरवाणी गोष्ट होय. आज विश्वशास्त्राच्या वहीत असेच एक उचंत खाते उघडे आहे, आणि त्यातील रक्कम थोडीथोडकी नाही. एकूण शंभर रुपयांपैकी सुमारे पंचाण्णव रुपये त्या खात्यात पडून आहेत.

बिंदुसरेचे पाणी, बालाघाटचे डोंगर, माणसे, पशुपक्षी, सूर्य, ग्रह आणि दुर्बिणीतून दिसणाऱ्या असंख्य दीर्घिका यांचे सारे द्रव्य एकत्र केले, तरी ते विश्वाच्या एकूण आशयाच्या अवघे ५ टक्के भरते. सुमारे २७ टक्के भाग कृष्णद्रव्याचा, म्हणजे इंग्रजीत ज्याला डार्क मॅटर म्हणतात त्याचा आहे. उरलेला सुमारे ६८ टक्के भाग कृष्णऊर्जेचा, अर्थात डार्क एनर्जीचा आहे. ही दोन नावे रुळली असली, तरी नाव दिले म्हणजे ओळख पटली असे होत नाही. उचंत खात्यालाही नाव असतेच!

हा फरक लक्षात कसा आला? १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने एका दीर्घिकासमूहाचा अभ्यास केला. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र बांधून ठेवण्यास अपुरे होते. पुढे १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी दीर्घिकांच्या कडेचे तारेही अपेक्षेहून वेगाने फिरत असल्याचे दाखवले. न दिसणारे काहीतरी त्यांना धरून ठेवत होते. हे झाले कृष्णद्रव्य. दुसरा धक्का १९९८ मध्ये बसला. दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण मंदावत नसून उलट वाढत्या वेगाने चालले आहे, असे दोन स्वतंत्र गटांना आढळले. या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा वेग वाढवणारे जे काही आहे, ते कृष्णऊर्जा.

आता कृष्णविवराकडे वळू. एखाद्या प्रचंड ताऱ्याचे इंधन संपले, की त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो. तो इतका आकुंचित होऊ शकतो, की त्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही निसटू शकत नाही. सूर्याचे कृष्णविवर करायचे, तर तो अवघ्या तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोलात दाबावा लागेल. कृष्णविवर आजूबाजूचे सारे गिळत सुटते, असा एक गैरसमज आहे. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर पृथ्वीवर अंधार होईल, गारठा पडेल; परंतु तिची कक्षा मात्र बदलणार नाही. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रस्थानीही सूर्याच्या सुमारे चाळीस लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. २०२२ मध्ये त्याची प्रतिमा जगासमोर आली.

मराठी वाचकाची या विषयाशी ओळख फार जुनी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. स्वतःच्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन टोपणनाव तयार केले होते. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासमवेत संशोधन केलेल्या आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभी करणाऱ्या या वैज्ञानिकाचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. कृष्णविवरांचा उचंत खात्याशी काही संबंध आहे काय, हा आजचा प्रश्न त्यांच्या कार्यालाही स्पर्श करतो.

प्रश्नाचा पहिला भाग असा, की कृष्णद्रव्य म्हणजेच कृष्णविवरे असतील काय? कृष्णविवर दिसत नाही, त्याला वस्तुमान मात्र असते. म्हणजे वर्णन तर तंतोतंत जुळते. परंतु मेलेल्या ताऱ्यांपासून झालेली कृष्णविवरे मुळात साध्या अणूंचीच बनलेली होती. ती रक्कम ५ टक्क्यांच्या खात्यात आधीच नोंदलेली आहे. तीच पुन्हा दुसऱ्या खात्यात धरता येत नाही. म्हणून तारे जन्मण्याच्याही पूर्वी, विश्वाच्या पहिल्या क्षणांत घडलेल्या आदिम कृष्णविवरांची कल्पना पुढे आली. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये तिची मांडणी केली होती.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने गुरुत्वलहरी प्रथमच टिपल्या. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानांची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. इतक्या वजनदार जोडीची अपेक्षा फार थोड्यांना होती, त्यामुळे आदिम कृष्णविवरांची चर्चा पुन्हा रंगली. यावर २०२४ मध्ये एक महत्त्वाचा पुरावा समोर आला. पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञांनी चिलीतील दुर्बिणीतून शेजारच्या मॅगेलन मेघातील सुमारे आठ कोटी ताऱ्यांवर वीस वर्षे नजर ठेवली होती. एखादे कृष्णविवर ताऱ्याच्या आड आले, तर भिंगातून पाहावे तसा तो तारा काही काळ उजळतो. आकाशगंगेभोवती अशी कृष्णविवरे दाटीने असती, तर अशा घटना शेकड्यांनी दिसल्या असत्या. तेवढ्या त्या दिसल्या नाहीत. पृथ्वीच्या काही पटींपासून सूर्याच्या आठशे पटींपर्यंत वस्तुमान असलेली कृष्णविवरे कृष्णद्रव्याच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. आता मुख्यतः एक अरुंद वाट उरली आहे : वस्तुमान एखाद्या लघुग्रहाएवढे, आणि आकार अणूएवढा! ती वाट अद्याप बंद झालेली नाही.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक धाडसी आहे. कृष्णविवरे कृष्णऊर्जेचे उगमस्थान असतील काय? १९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी स्थिर स्थिती सिद्धांताची सुधारित मांडणी केली. कृष्णविवर होण्याच्या बेतात असलेल्या अतिघन पिंडांच्या परिसरात नवे द्रव्य निर्माण होते, आणि त्यासोबतचे ऋण ऊर्जेचे क्षेत्र विश्वाच्या प्रसरणाला चालना देते, असे तिचे सूत्र होते. बहुसंख्य वैज्ञानिकांनी ती स्वीकारली नाही. आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा उलगडा महास्फोटाच्या सिद्धांताने अधिक समाधानकारक होतो, असे त्यांचे मत राहिले.

अतिघन पिंड आणि प्रसरण यांचा संबंध २०२३ मध्ये निराळ्या रूपाने पुन्हा चर्चेत आला. हवाई विद्यापीठातील डंकन फॅरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की विश्व प्रसरण पावते तशी कृष्णविवरेही काहीही न गिळता वजनाने वाढतात. विश्वाचा विस्तार दुप्पट झाला, की कृष्णविवर आठपट होते, आणि हीच वाढ कृष्णऊर्जेसारखी वागते. कल्पना आकर्षक खरी. पण हिशेब करून पाहावा. आपल्या आकाशगंगेतील एनजीसी ३२०१ या अतिप्राचीन तारकागुच्छात दोन कृष्णविवरे आढळली आहेत. एकाचे किमान वस्तुमान सूर्याच्या चारपटींहून अधिक, तर दुसऱ्याचे सातपटींहून अधिक आहे. गुच्छाचे वय सुमारे ११५० कोटी वर्षे. त्या काळी विश्वाचा विस्तार आजच्या चतुर्थांशाच्या आसपास होता. म्हणजे कृष्णविवरे तेव्हापासून पन्नास-साठ पटींनी वाढली असली पाहिजेत. या किमान आकड्यांना साठाने भागले, तर जन्मवेळचे वस्तुमान सूर्याहूनही कितीतरी कमी येते, आणि तेवढ्या लहान ताऱ्याचे कृष्णविवर होतच नाही. प्रत्यक्ष वस्तुमान किमान आकड्याहून पुष्कळ मोठे असेल, तर ही आपत्ती टळते. पण तसे असण्याचा संभव अत्यल्प आहे. समर्थकांनी हार मानलेली नाही. कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी, असा जो संकेत २०२४ आणि २०२५ मधील दीर्घिकांच्या पाहणीतून मिळाला, तो ते आपल्या बाजूचा मानतात. निकाल अजून लागायचा आहे.

हा निकाल लावण्याच्या कामात मराठवाड्याचा वाटा असणार आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे लायगो-इंडिया वेधशाळेची उभारणी व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसर किरण धावतील, आणि प्रोटॉनच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी असा लांबीतील फरक मोजला जाईल. गोंगाटात दडलेली गुरुत्वलहरींची खूण ओळखण्याच्या गणिती पद्धतीत ‘आयुका’चे डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांच्या शिष्यांनी अनेक वर्षे पायाभूत काम केले आहे. सूर्याहून लहान कृष्णविवरांची टक्कर कधी टिपली गेली, तर आदिम कृष्णविवरांना सबळ पुरावा मिळेल, कारण तारा कोसळून तेवढे लहान कृष्णविवर होत नाही. शिवाय जगाच्या या भागात एक वेधशाळा वाढल्याने लहरी आकाशाच्या कोणत्या दिशेने आल्या, हे अधिक अचूक सांगता येईल. त्यातून प्रसरणाचा वेग मोजण्याचे एक स्वतंत्र साधनही बळकट होईल.

अशा विषयाच्या चर्चेत, हे सारे आपल्या ग्रंथांत आधीच सांगितले आहे, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. लोक-अलोकाचा विचार करणारी जैन परंपरा प्राचीन आहे, सूक्ष्म आहे. परंतु तिचे प्रयोजन आत्मकल्याण हे आहे. आज मापनातून निघालेल्या फरकाला आगमाची पावती जोडल्याने विज्ञानाचा हिशेब जुळत नाही आणि आगमाचाही गौरव होत नाही. अनेकान्त म्हणजे सगळीच मते सारखी खरी, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येक मत कोणत्या दृष्टीने आणि किती मर्यादेपर्यंत टिकते, हे तपासण्याची ती शिस्त आहे.

ही शिस्त डॉ. नारळीकरांच्या आयुष्यात दिसते. बहुमत विरोधात असतानाही त्यांनी आपली मांडणी सोडली नाही. मात्र निरीक्षणांच्या कसोटीपासून ती दूरही ठेवली नाही. मुले स्वाक्षरी मागायला आली, की ते त्यांना एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवायला सांगत, आणि उत्तराखाली स्वाक्षरी करून पाठवत. स्वाक्षरीची किंमत एक प्रश्न! विश्वाचे उचंत खाते उघडे आहे, ते अशाच प्रश्नांच्या प्रतीक्षेत. पालीतील एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने उद्या औंढ्याच्या वेधशाळेत बसून त्या खात्यातील एक जरी रक्कम योग्य खात्यात वळती केली, तर या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेचे सार्थक होईल.

जय जिनेंद्र!